क्यूपीएसकेच्या स्पेक्ट्रमला खांदे येतायत : फिल्टर चुकतोय, जनरेटर चुकतोय की आमचा रिसीव्हर?

मरोळ_नाका :

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण अर्धी माहिती देऊन तुम्हाला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा सगळंच सांगते.

अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत आमचं लहानसं युनिट आहे, सहा माणसं. पाणी उपसा केंद्रांवरच्या कॅमेऱ्यांचं चित्र आणि टाक्यांच्या पातळीचे आकडे बिनतारी आणणारा मोडेम आम्ही बनवतोय. मॉड्युलेशन क्यूपीएसके (लहरीच्या चार फेजपैकी एक, म्हणजे एका सिम्बॉलमध्ये दोन बिट), वेग सेकंदाला १० लाख सिम्बॉल, पल्सला आकार देणारा रूट रेझ्ड कोसाइन (आरआरसी) फिल्टर, अल्फा (त्याला लागणारी जास्तीची जागा) ०.२५. म्हणजे सिग्नल १.२५ मेगाहर्ट्झ जागा खातो. दोन चॅनेलमध्ये आम्ही १.५ मेगाहर्ट्झ अंतर ठेवलंय. टेस्टिंग माझ्याकडे आहे.

सध्या शेजारच्या चॅनेलची टेस्ट चालू आहे. सगळं ७० मेगाहर्ट्झच्या आयएफवर (मधल्या फ्रिक्वेन्सीवर), केबलमधूनच. आमच्याच ट्रान्समीटर बोर्डाचा सिग्नल अटेन्युएटरमधून ७० वर आणि व्हेक्टर सिग्नल जनरेटरमधून शेजारी ७१.५ वर, दोन्ही कॉम्बायनरमध्ये एकत्र करून रिसीव्हरला. शेजारी ४० डीबी मोठा असला तरी लिंक टिकली पाहिजे, असं गिऱ्हाइकाच्या कागदावर आहे. आमची लिंक २० डीबीलाच चुका करायला लागते.

रिसीव्हरचा फिल्टर आमच्याकडच्या एका मुलाने एफपीजीएमध्ये (प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपमध्ये) लिहिलाय. दीड वर्षापूर्वी कॉलेजातून आला, पण काम चोख. सोमवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की त्याच्या फिल्टरवर भरवसा ठेवता येत नाही, बोर्डावरच आणखी एक फिल्टर घालू. म्हणजे बोर्ड नव्याने काढायचा, पाच आठवडे गेले. तेव्हापासून तो मुलगा गप्प आहे. जेवायच्या सुट्टीतही सिम्युलेशन उघडून बसतो. मी त्याचे आकडे दोनदा पाहिले, मला चूक सापडली नाही. माझा संशय माझ्याच बाकावरच्या सिग्नलवर आहे. तो खरा की खोटा, हे शुक्रवारच्या आत कळलं तर बोर्डाची ऑर्डर थांबवता येईल.

आता मी केलंय काय ते. शेजाऱ्याच्या सिग्नलमध्ये आमची स्वतःची फ्रेम हवी होती, म्हणून जनरेटरमधला तयार क्यूपीएसके न वापरता ऑक्टेव्ह या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल बनवली. १००० सिम्बॉल, दर सिम्बॉलला ४ सॅम्पल, आरआरसी फिल्टर ६ सिम्बॉल लांबीचा म्हणजे २५ टॅप (फिल्टरचे गुणक). कन्व्होल्यूशन करून (म्हणजे सिम्बॉल फिल्टरमधून काढून) पुढचं-मागचं जास्तीचं छाटलं, सगळ्यात मोठं सॅम्पल ३२७६७ ला (१६ बिटांत मावणाऱ्या सगळ्यात मोठ्या आकड्याला) बसवलं आणि फाइल जनरेटरमध्ये टाकली. ती दर मिलिसेकंदाला पहिल्यापासून फिरते.

स्पेक्ट्रम ॲनालायझरवर मधला भाग छान सपाट दिसतो, पण दोन्ही कडांना उतार संपल्यावर उणे ३२ डीबीच्या आसपास खांदे, म्हणजे पसरट फुगवटे, आहेत. नीट बघितलं तर ते स्थिर नाहीत, लुकलुकतात. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त छळतेय : ॲनालायझरवर डीमॉड्युलेट केलं की माझ्या फाइलचा ईव्हीएम (सिम्बॉल आपल्या आदर्श जागेपासून किती ढळतात ते माप) १२.२ टक्के येतो. त्याच जनरेटरमधला तयार क्यूपीएसके लावला की १.१ टक्का. केबल तीच, सेटिंग तेच. म्हणजे यंत्र ठीक आणि माझी फाइल बिघडलेली, असंच ना? पण ऑक्टेव्हमध्ये डोळ्याने बघितलं तर पल्स अगदी पुस्तकातल्यासारखा आहे.

कुणी हे भोगलं असेल तर सांगा. जनरेटर जुना आहे, पण कॅलिब्रेशन याच वर्षीचं आहे.


कांजूर_फास्ट :

खांदे दिसले की मी आधी एकच करतो : जनरेटरची लेव्हल १० डीबीने खाली आणायची. आउटपुटचा अॅम्प्लिफायर दबत असेल तर खांदे १० पेक्षा कितीतरी जास्त खाली जातात. अॅम्प्लिफायरचा दोष नसेल तर अख्खं चित्र जसंच्या तसं १० ने खाली सरकतं. ॲनालायझरचं इनपुट अटेन्युएशनही एकदा वाढवून बघा, कधीकधी खांदे ॲनालायझरचेच असतात. आणि पावसाळ्यात एसएमए कनेक्टर पुसून घ्या, मला गेल्या जुलैत एका हिरवट पडलेल्या ॲडॉप्टरने दोन दिवस नाचवलं होतं.


मरोळ_नाका :

धन्यवाद. आत्ताच केलं. लेव्हल १० ने खाली आणली, खांदे बरोबर १० नेच खाली आले. ॲनालायझरचं अटेन्युएशन वाढवूनही फरक नाही. म्हणजे अॅम्प्लिफायर सुटला. ॲडॉप्टर नवेच आहेत, मागच्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून स्वतः निवडून आणलेत.


चाफा_मुलुंड :

ताई, तुमची फाइल तुम्ही समजता तेवढी वाईट नाही आणि तुमचा रिसीव्हरवाला मुलगा बहुधा निर्दोष आहे. मी ३१ वर्षं अशाच बाकावर काढली, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी असा प्रश्न वाचला की हात शिवशिवतात. तुमच्याकडे दोन वेगवेगळे घोटाळे एकात एक अडकलेत. ईव्हीएम एक आणि खांदे दुसरा. वेगळे करून बघू.

आधी ईव्हीएम. १९२८ साली हॅरी नायक्विस्टने टेलिग्राफचा विचार करताना जी अट मांडली, ती इतकीच : पल्स हवा तेवढा लांबू दे, पण शेजारच्या सिम्बॉलच्या नेमक्या क्षणी तो शून्यावर असला पाहिजे. तंबोऱ्याची एक तार छेडली की तिचा नाद दुसरी छेडेपर्यंत रेंगाळतोच, तसाच प्रत्येक सिम्बॉल पुढच्या-मागच्यांवर सांडतो. रेझ्ड कोसाइन फिल्टर ही अट तंतोतंत पाळतो. पण आपण तो अख्खा एका जागी ठेवत नाही. वर्गमूळ काढून अर्धा ट्रान्समीटरला देतो, अर्धा रिसीव्हरला. रिसीव्हरलाही अर्धा द्यायचा, म्हणजे नॉइज कमीत कमी आत येतो आणि शेजारचा चॅनेलही बाहेर राहतो. या वाटणीची किंमत अशी की अर्धा फिल्टर एकटा नायक्विस्टची अट पाळत नाही. जनरेटरमधून निघालेला आरआरसी सिग्नल दुसऱ्या अर्ध्याशिवाय मोजला तर तो घाण दिसणारच, आणि दिसलाच पाहिजे.

किती घाण, ते कागदावर काढता येतं. अल्फा ०.२५ च्या आरआरसी पल्सची मधली उंची १ धरली, तर एका सिम्बॉलच्या अंतरावर तो शून्य नसतो, उणे ०.०६० असतो. दोन सिम्बॉलवर अधिक ०.०५०, तिसऱ्यावर उणे ०.०३५, चौथ्यावर अधिक ०.०२०, पुढे विरत जातो. दोन्ही बाजूंचे वर्ग करून बेरीज घ्या, मूळ काढा : साडेबारा टक्के. तुमचा फिल्टर दोन्हीकडे तिसऱ्या सिम्बॉलवर कापलेला आहे, म्हणून बेरीज तिथेच थांबवा : १२.१. त्यात तुमच्या बाकाचा स्वतःचा १.१ टक्का वर्गाने मिळवला की १२.२. तुम्ही वाचलेला आकडा दशांशासकट हाच आहे. तुमच्या ॲनालायझरवर मेझरमेंट फिल्टर बंद आहे, मी पैजेवर सांगतो. तो आरआरसी करा, रेफरन्स फिल्टर रेझ्ड कोसाइन करा, दोन्हीकडे अल्फा ०.२५.

मग तयार क्यूपीएसके स्वच्छ का दिसला? जनरेटरच्या फिल्टर मेनूत जाऊन बघा. दोन नावं एकाखाली एक असतात, रूट नायक्विस्ट आणि नायक्विस्ट. तिथे कुणीतरी नायक्विस्ट ठेवलेलं असणार. म्हणजे अख्खा फिल्टर जनरेटरमध्येच, आणि ॲनालायझरवर काहीच नाही. आकडा गोड येतो. पण तोच सिग्नल तुमच्या रिसीव्हरला दिलात तर तिथे त्याला आणखी अर्धा फिल्टर लागतो, दीडपट फिल्टर झाला, आणि रिसीव्हर नाहक बदनाम होतो. याच मेनूमुळे मी एकदा एक चांगला रिसीव्हर नापास केला होता. त्याच्या डिझायनरची मी नंतर जाऊन माफी मागितली, पण त्याचा महिना गेला तो गेलाच. म्हणून तुमचा तो जेवायच्या सुट्टीत बसणारा मुलगा वाचल्यावर मला राहवलं नाही.

आता खांदे. २५ टॅप फार कमी आहेत. कापण्याच्या जागी तुमचा पल्स अजून उंचीच्या साडेतीन टक्के आहे आणि तुम्ही तिथून त्याला एकदम शून्यावर टाकता. ती पायरी स्पेक्ट्रममध्ये खांदा म्हणून उगवते. अल्फा जितका लहान तितकी शेपूट लांब, म्हणून ०.३५ ला जो फिल्टर पुरतो तो ०.२५ ला पुरत नाही. फिल्टर दोन्हीकडे १६ सिम्बॉल करा. ४ सॅम्पलने १२९ टॅप होतात, आजच्या कॉम्प्युटरला ते काहीच नाही. त्यावर कैझर विंडो (पल्सच्या कडा हळूहळू शून्याकडे नेणारं वजन) हलक्या हाताने लावा. हलक्या हाताने म्हणतो, कारण विंडो जितकी जड तितका पल्स आपल्या खऱ्या आकारापासून ढळतो : खांदे खाली जातात, ईव्हीएम वर येतो. काही जनरेटरमध्ये हीच निवड बटणावर असते, फिल्टर ईव्हीएमसाठी अनुकूल करायचा की शेजारच्या चॅनेलच्या पॉवरसाठी. तुमच्या टेस्टमध्ये जनरेटर शेजाऱ्याचं काम करतोय. शेजाऱ्याचा ईव्हीएम अडीच टक्के झाला तरी कुणाचं काही अडत नाही. त्याची कड स्वच्छ हवी.

आणि २० डीबीलाच लिंक का तुटते तेही यातच आहे. शेजारी २० ने मोठा, त्याचा खांदा त्याच्यापेक्षा ३२ ने खाली, म्हणजे तुमच्या चॅनेलच्या आत तुमच्या सिग्नलपेक्षा फक्त १२ डीबी खाली कचरा येऊन पडतोय. कोडिंगशिवाय क्यूपीएसकेला लाखात एक चूक ठेवायची तर साडेबारा डीबीच्या आसपास एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर) लागतो. तुमच्या चुका नेमक्या तिथेच सुरू होतात. हा कचरा तुमच्या चॅनेलच्याच फ्रिक्वेन्सीवर आहे. जगातला कुठलाही फिल्टर, बोर्डावरचा असो की एफपीजीएमधला, तो काढू शकत नाही. नवा बोर्ड काढून पाच आठवड्यांनी तुम्हाला हाच २० चा आकडा मिळेल.

लुकलुकण्याचं कारण वेगळं आहे, पण आधी एवढं करून बघा. ॲनालायझर झीरो स्पॅनवर (एकाच फ्रिक्वेन्सीची पॉवर वेळेनुसार दाखवणाऱ्या रीतीवर) ठेवून, मध्य ७०.७ वर आणून, स्वीप ५ मिलिसेकंद करा आणि काय दिसतं ते लिहा.


मरोळ_नाका :

काका, काय सांगू. फिल्टर मेनू उघडला आणि तिथे नायक्विस्ट होतं. कुणी ठेवलं होतं माहीत नाही. माझ्या आधीपासून तसंच असणार, कारण मी त्या मेनूत कधी गेलेच नव्हते. रूट नायक्विस्ट केलं, ॲनालायझरवर मेझरमेंट फिल्टर आरआरसी केला. तयार क्यूपीएसके १.१. माझी जुनी २५ टॅपची फाइल २.६. मी खुर्चीत मागे टेकून बसले दोन मिनिटं. इतके दिवस मी त्या १२.२ कडे आजाराच्या रिपोर्टसारखी बघत होते आणि तो आकडा अगदी बरोबर होता.

मग १२९ टॅपचा फिल्टर, कैझर विंडो, नवी फाइल. ईव्हीएम १.२. खांदे उणे ३२ वरून उणे ४७ वर आले. पण लुकलुकणं आहेच, उलट आता ते जास्त उठून दिसतं.

तुम्ही सांगितलेलं झीरो स्पॅनवर करून बघितलं. ५ मिलिसेकंदांच्या पडद्यावर खाली सगळं शांत आणि बरोबर पाच काटे, एकेका मिलिसेकंदावर एकेक. इतके सारखे, की पडद्यावर कुणी फुटपट्टी धरून उभे केलेत असं वाटावं. १००० सिम्बॉल म्हणजे एक मिलिसेकंद, म्हणजे काटा माझ्या फाइलच्या सुरुवातीला किंवा शेवटाला येतो. एवढं कळलं. पण सुरुवात आणि शेवट तर मी नीट छाटले होते?


चाफा_मुलुंड :

नीट छाटलेत तेच नडलं. तुम्ही फाइलकडे सुतळीच्या तुकड्यासारखं बघितलं, जनरेटर तिची माळ करून फिरवतो. शेवटच्या सॅम्पलनंतर लगेच पहिलं येतं. तुमच्या शेवटच्या सिम्बॉलच्या शेपटीचा अर्धा भाग छाटणीत गेला. खरं तर ती शेपूट पहिल्या सिम्बॉलवर पडायला हवी होती. आणि पहिल्या सिम्बॉलचा पुढे येणारा भाग शेवटच्यावर. तो सांधा तुटलेला आहे म्हणून दर फेरीला तिथे ठिणगी पडते.

उपाय सोपा आहे. फिल्टर लावण्याआधी सिम्बॉलच्या रांगेतले शेवटचे १६ सिम्बॉल उचलून रांगेच्या पुढेही लावा आणि पहिले १६ मागेही लावा. मग कन्व्होल्यूशन करा आणि मधले बरोबर ४००० सॅम्पल तेवढे ठेवा. आता शेपट्या गोल फिरून आपापल्या जागी पडतात. सिम्बॉलची संख्या पूर्णांक हवी, सॅम्पल एकही कमी-जास्त नको.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. हीच फाइल कधी सेन्सिटिव्हिटीसाठी वापरणार असाल आणि आत पीएन९ (चाचणीचा ठरावीक, पण विस्कळीत भासणारा बिटांचा क्रम) भरणार असाल, तर १००० सिम्बॉल चालणार नाहीत. पीएन९ ची लांबी ५११ बिट, विषम संख्या. क्यूपीएसके एका वेळी दोन बिट खातो. म्हणून क्रम दोनदा घ्यायचा, १०२२ बिट, ५११ सिम्बॉल. तेव्हाच क्रम स्वतःला येऊन मिळतो. नाहीतर दर फेरीला बीईआर (चुकलेल्या बिटांचं प्रमाण) मोजणारा भाग ताळमेळ हरवतो आणि पुन्हा रिसीव्हरवर बालंट.


सायन_तलाव :

मध्येच विचारतो, क्षमस्व. मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टसाठी जीएसएमसारखा सिग्नल बनवतोय. तिथे गॉसियन फिल्टर आहे आणि बीटी ०.३. हे सगळं वाचून मी आय आणि क्यू (सिग्नलचे एकमेकांना काटकोनातले दोन घटक) दोन्हीवर गॉसियन लावला, ट्रान्समीटर-रिसीव्हरमध्ये अर्धा-अर्धा वाटावा का याच विचारात होतो. गॉसियनचंही वर्गमूळ घ्यायचं का?


चाफा_मुलुंड :

नाही बाळा, तिथे वाट वेगळी आहे. गॉसियन फिल्टर आय-क्यूवर लावायचा नाही. तो बिटांच्या चौकोनी पल्सवर लावायचा, आणि त्यातून जे गुळगुळीत निघेल त्याने फ्रिक्वेन्सी हलवायची, म्हणजे फेज हळूहळू वळते. आय आणि क्यू हे त्या फेजचे कोसाइन आणि साइन म्हणून शेवटी येतात. असं केलं की सिग्नलची उंची कायम एकच राहते आणि हँडसेटमधला अॅम्प्लिफायर बिनघोर पूर्ण ताकदीवर चालवता येतो. तू आय-क्यूवर फिल्टर लावलास की ती उंची हलायला लागली, जीएमएसकेचा (जीएसएमच्या या मॉड्युलेशनचा) जीवच गेला.

बीटी ०.३ म्हणजे फिल्टरची ३ डीबी बँडविड्थ बिटदराच्या ०.३ पट. जीएसएमचा बिटदर सेकंदाला २७०.८३३ किलोबिट, म्हणून ८१.२५ किलोहर्ट्झ. हा फिल्टर नायक्विस्टची अट पाळतच नाही, शेजारचे बिट एकमेकांवर सांडतात, आणि ते जाणूनबुजून स्वीकारलेलं आहे. ते निस्तरायचं काम रिसीव्हरमधल्या इक्वलायझरचं. ब्लूटूथमध्ये बीटी ०.५ घेतात, तिथे सांडणं कमी आणि पसारा जास्त. वर्गमूळ वगैरे काही नाही.


वाशी_पूल :

चांगला धागा. मी उपग्रह अपलिंकच्या बाजूची आहे, म्हणून अल्फाबद्दल थोडं. डिश बसवणाऱ्या मुलांना २७५०० हा आकडा तोंडपाठ असतो. तो सेकंदाला २७५०० किलोसिम्बॉलचा दर. डीव्हीबी-एस या उपग्रह टीव्हीच्या मानकात अल्फा ०.३५, म्हणजे सिग्नलला ३७ मेगाहर्ट्झच्या वर जागा. डीव्हीबी-एस२ मध्ये ०.२० घेता येतो, तोच सिग्नल ३३ मध्ये बसतो. ट्रान्सपॉन्डरचं भाडं मेगाहर्ट्झवर असतं, तेव्हा हे चार मेगाहर्ट्झ म्हणजे रोख पैसे. पण अल्फा खाली नेला की सिम्बॉलच्या मध्ये सिग्नल जास्त उसळतो, शिखरं उंच होतात. हे तुमच्या पुढच्या अडचणीचं बीज आहे, मरोळ_नाका.

तुम्ही सगळ्यात मोठं सॅम्पल ३२७६७ ला बसवलंत म्हणालात. ते करू नका. जनरेटर तुमचे ४ मेगासॅम्पल जसेच्या तसे डॅकला (आकड्यांचा सिग्नल करणाऱ्या भागाला) देत नाही. आत स्वतःचा इंटरपोलेशन फिल्टर लावून मधले सॅम्पल भरतो आणि डॅक त्याहून कितीतरी वेगाने चालवतो. तुमची दोन सॅम्पल छताला टेकलेली असतील तर त्यांच्यामधली खरी लहर छताच्या वर जाते. तिथे जागाच नाही. माथा कापला जातो आणि तो काप पुन्हा खांदे होऊन बाहेर येतो. लेव्हल खाली आणून हा दोष सापडत नाही, कारण तो डॅकच्या आधीच झालेला असतो आणि लेव्हल त्यानंतर बदलते. जनरेटरच्या पडद्यावर कोपऱ्यात डॅक ओव्हररेंजचा इशारा येतो का बघा. स्केलिंग ७० टक्क्यांवर आणा. ३ डीबी जातात, आउटपुट लेव्हल यंत्र आपोआप भरून काढतं.


मरोळ_नाका :

इशारा होता. लहानसा, खालच्या ओळीत, आणि मी तो काल संध्याकाळपासून बघतेय! वाटलं रेफरन्स क्लॉकचं काहीतरी असेल.

क्रमाने लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल. काल रात्री साडेआठपर्यंत थांबले. आधी फक्त सांधा दुरुस्त केला, १६ पुढे, १६ मागे, मधले ४००० ठेवले. झीरो स्पॅन लावला आणि ते पाच काटे नाहीत. पुन्हा ट्रिगर केला, स्वीप वाढवून २० मिलिसेकंद केला, नाहीत. नुसती गवतासारखी नॉइजची रेघ. खांदे उणे ५२ वर आले आणि लुकलुकणं थांबलं, पण तिथेच अडले. हा प्रतिसाद वाचून आज सकाळी स्केलिंग ७० टक्के केलं. इशारा गेला, खांदे उणे ६३.

मग टेस्ट. आमचा सिग्नल ७० वर, शेजारी ७१.५ वर. मी मुद्दाम त्या मुलाला बोलावलं आणि जनरेटरची लेव्हल वाढवायची चकती त्याच्याच हातात दिली. २० ला शून्य चुका. २५, ३०, ३५. ४० ला आम्ही दहा मिनिटं तसंच चालू ठेवलं, एकही चूक नाही. तो म्हणाला, ताई अजून वाढवू? ४६ ला पहिल्या चुका आल्या.

एक शंका उरलीय, चाफाकाका. ६३ मधून ४६ वजा केले तर १७ उरतात. जनरेटरचा कचराच मर्यादा ठरवत असता तर साडेबारापर्यंत, म्हणजे ५० पर्यंत जायला हवं होतं. मग हे ४६ खरोखर आमच्या रिसीव्हरचे आहेत असं धरू का?


चाफा_मुलुंड :

बहुतांशी हो. पण १७ डीबी खालचा कचरा अगदी बिनमहत्त्वाचा नसतो, साडेबाराच्या हिशेबात तो एक-दोन डीबी खातोच. खात्री करायची तर ७१.५ वर जनरेटरच्या पुढे एक अरुंद बँडपास फिल्टर लावा. तो ७० च्या आसपासचा कचरा आणखी खाली ढकलेल. मग ४६ चे ४७-४८ झाले तर तेवढा वाटा जनरेटरचा. ४६ च राहिले तर सगळा रिसीव्हरचा. कागदावर ४० लिहिलेत, तेव्हा काळजी नाही, पण रिपोर्टात जनरेटरच्या कडेचा उणे ६३ हा आकडा लिहाच. ॲनालायझरचा स्क्रीनशॉट जोडा, फिल्टरची लांबी, विंडो, अल्फा आणि स्केलिंग चारही लिहा. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असेल.

आणि तो नायक्विस्टचा मेनू बदलून यंत्राची स्थिती सेव्ह करून ठेवा. जुने जनरेटर चालू केल्यावर शेवटच्या कुणाच्या तरी सेटिंगने उठतात.


मरोळ_नाका :

सेव्ह केलं, आणि जनरेटरच्या माथ्यावर चिकटपट्टीने कागद लावला : फिल्टर रूट नायक्विस्ट, अल्फा ०.२५, स्केलिंग ७०. बँडपास फिल्टर ७१.५ चा तयार मिळत नाही, तो मुलगा शनिवारी इंडक्टर गुंडाळून बनवतो म्हणालाय. आकडा आला की इथेच लिहीन. बोर्डाची ऑर्डर दुपारी रद्द झाली.